पोयटा, वस्तीस योग्य

सेरथांगच्या पठारावर निनाद कोठावदेनं वेधणी मातीत दाबली तेव्हा दारतोक गावातली झाडून सगळी माणसं त्याच्याभोवती गोळा झाली होती, आणि त्यांतल्या एकालाही मातीशास्त्रात काडीचा रस नव्हता. यंत्र हो म्हणतंय की नाही, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. हो म्हणालं तर अख्खं गाव जुन्या घरांपासून तासाभराच्या चढावर, या पठारावर राहायला येणार होतं. नाही म्हणालं तर सरकार त्यांना लाहौलच्या डोंगरांतून उचलून खाली तराईतल्या एका वसाहतीत नेऊन टाकणार होतं. जुन्या जागी राहायची सोय उरली नव्हती. वरची हिमनदी वितळून गावाच्या डोक्यावर तळं साठलं होतं आणि ते फुटायच्या आधीच सरकारनं दारतोक नकाशावरून पुसून टाकलं होतं.

निनाद मूळचा धुळ्याचा. राहुरीला शिकत असताना बटाट्याच्या बियाण्यावर संशोधन करायला आलेल्या यांगचेनच्या प्रेमात पडला, तिच्याशी लग्न केलं आणि सरकारी मृदा-वेधक म्हणून हट्टानं तिच्याच जिल्ह्यात नेमणूक मागून घेतली. त्यामुळे आज तो दोन नात्यांनी उभा होता, सरकारचा माणूस म्हणून आणि गावचा जावई म्हणून.

"हळू दाब," यांगचेन मराठीत म्हणाली. राहुरीत तिनं मराठी अशी उचलली होती की नवऱ्याशी भांडायचं झालं तर ती मराठीतच भांडायची. "माझं माहेर आहे ते."

"अजून झालेलं नाही."

"मग होऊ दे की लवकर."

वेधणीची दांडी सरसर खाली गेली आणि अगदी शेवटी कशावर तरी अडून थांबली. पडदा हिरवा झाला. निनादनं मोठ्यानं वाचलं, आधी मराठीत आणि मग लोकांसाठी हिंदीत. हिमोढ. पोयटा. उतार सौम्य. तळाशी खडक. शेतीस योग्य, वस्तीस योग्य.

यांगचेनचे वडील छेवांग गावचे नंबरदार होते, म्हणजे आपल्याकडचे पाटील म्हणा. त्यांनी खतक, म्हणजे मानाचा रेशमी पांढरा पट्टा, जावयाच्या गळ्यात घातला, दुसरा वेधणीच्या मुठीला बांधला आणि सगळ्यांदेखत रडायला लागले. बायका गाऊ लागल्या. निनादला आयुष्यात इतकं कुणी डोक्यावर घेतलं नव्हतं, आणि त्याला ते आवडलं. आवडणारच.

आता ही माती म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरच झाला.

पाण्याची नदी निवडक असते. मोठे धोंडे वर टाकते, वाळू मध्ये टाकते, गाळ पार खाली नेते. हिमनदीला हा विवेक नसतो. ती डोंगर खरवडत, भरडत, दळत खाली सरकते आणि वितळली की हातात असेल ते सगळं जागच्या जागी टाकून देते. म्हशीएवढा धोंडा, त्याच्याशेजारी खडी, त्यात वाळू आणि त्या वाळूत दगडाची अगदी मैद्यासारखी पिठी, सगळं एकत्र. चाळण न लावता ठेवलेलं पीठच म्हणायचं. याला हिमोढ म्हणतात. बहुतेक हिमोढ शेतीच्या नावानं शून्य असतो. पण क्वचित कुठे दळण नेमकं पडतं. वाळू, गाळ आणि चिकण यांचं प्रमाण असं जमतं की ओली माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि अंगठा लावला तर तो फुटतो. हा पोयटा. पाणी धरतो, मुळांना हवा देतो, नांगराला त्रास देत नाही. डोंगरात असं पठार सापडणं म्हणजे लॉटरीच.

आणि वेधणी म्हणजे छातीएवढ्या उंचीची पोलादी दांडी. टोकाच्या वीतभर वर काचेची खिडकी आणि आत दिवा. दांडी खाली जाता जाता खिडकीतून रंग, कण, चुना, ओल असं सगळं वाचत जाते आणि ते लाखो नमुन्यांशी ताडून मातीचं कूळ सांगते. तो नमुन्यांचा संग्रह पुण्यात डॉ. वैजयंती घैसास यांनी उभा केला. निनाद त्यांचा राहुरीतला लाडका विद्यार्थी. पहिले नमुने सगळे दख्खनचे, कारण सगळे खोदणारे तिकडचेच. त्यांनी यंत्राला एक साधी गोष्ट शिकवली. टोक कठीण वस्तूवर अडलं की तळाला खडक समजायचं. महाराष्ट्रात कुठेही खणा, आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. विदर्भात खणा, कोकणात खणा, टोक अडतं ते दगडावरच. त्या मंडळींच्या मनात दुसरी शंकाच आली नाही, आणि खिडकी वीतभर वर असल्यामुळे टोक कशाला टेकलंय ते यंत्राला दिसत नव्हतं.

राहिला कायदा. पूर्वी मातीचा वर्ग माणसं लिहायची आणि ती ओळखीपाळखीनं नापीक चोपण जमिनीला बागायती ठरवायची. लोक विटले, कायदा आला, आणि यंत्र सांगेल तो वर्ग अंतिम ठरला. कोर्टानंही त्यात हात घालायचा नाही. फक्त त्या जागेच्या मृदा-वेधकाला एकदाच हरकत घेता येई. हरकत घेतली की वर्ग तत्काळ रद्द आणि वर्ग नसलेल्या जमिनीवर माणसानं राहायचं नाही. पुन्हा वेध घ्यायचा की नाही ते सरकार सवडीनं ठरवणार. म्हणून सहसा कुणी हरकत घेत नसे.

दारतोक सेरथांगवर आलं. जुन्या घरांचे वासे, दारं, चुली, सगळं खांद्यावरून वर आणलं. दोन उन्हाळ्यांत पठार हिरवं झालं. निनादनं स्वतः आखणी करून वरच्या ओढ्यापासून पाट आणला, कारण पोयट्याला पाणी मानवतं. बटाटा असा आला की खालच्या गावांचे लोक बघायला यायचे. घैसासबाई परिषदांमधून सेरथांगची चित्रं दाखवू लागल्या. छेवांग तर जावयाला विचारल्याशिवाय खिळाही ठोकत नसत.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीला निनाद आणि यांगचेन घरामागे खड्डा खणत होते. तिकडे बियाण्याचा बटाटा हिवाळाभर जमिनीत पुरून ठेवतात, म्हणजे गोठत नाही. यंदा बियाणं जास्त होतं, म्हणून खड्डा नेहमीपेक्षा खोल घेतला. निनाद आत उतरला होता, यांगचेन काठावरून माती ओढत होती. पहार खण्णकन वाजली.

"लागला खडक," निनाद समाधानानं म्हणाला. यंत्रानं सांगितलेली गोष्ट प्रत्यक्षात सापडली की त्याला फार बरं वाटायचं. "म्हटलं होतं ना, तळाशी खडक?"

त्यानं उगाच आणखी एक घाव घातला. एक कपची उडाली आणि यांगचेनच्या मनगटावर पडली. ती झटकायला गेली आणि थांबली.

"निनाद."

"लागलं का?"

तिनं मनगट पुढं केलं. कपची तिथं नव्हती, पाण्याचा थेंब होता.

निनाद गुडघ्यावर बसला आणि हातानं माती बाजूला करू लागला. खाली काळंभोर, काचेसारखं गुळगुळीत काहीतरी होतं, त्यात खडे अडकलेले. त्यानं तळवा टेकवला आणि तो टेकवलेलाच ठेवला, जणू काढला नाही तर ते बदलेल. बर्फच होतं. हिमनदी मागं हटताना तिचा एक तुकडा मागं राहतो, स्वतःच्याच भरडाखाली गाडला जातो आणि वरची माती त्याला पांघरुणासारखी जपते. शेकडो वर्षं तो तसाच पडून राहतो. मात्र कुणी वरून पाणी पाजलं नाही तर, आणि चुली पेटवल्या नाहीत तर.

"हे पठार नाही," तो म्हणाला. "ही हिमनदी आहे. आपण हिमनदीवर राहतोय."

"बरं मग?"

"बरं मग काय! पाटाचं पाणी मातीतून झिरपून बर्फावर पोचतं. बर्फ वितळतं, वर निसरडं होतं. ओल्या फरशीवर ठेवलेलं पोतं आहे हे सगळं, आणि पुढं सरळ दरी."

यांगचेन काठावर बसली. घाबरली नव्हती हे खरं म्हणजे निनादला जास्त लागलं. "आमच्याकडे प्रत्येक उताराखाली बर्फ असतं," ती म्हणाली. "आजीच्या घराची एक भिंत दर वर्षी खचायची. दर वर्षी बांधायचे. त्याला काय होतं?"

"भिंत नाही खचणार. सगळं एकदम जाईल."

"कधी?"

"माहीत नाही."

"किती जाड आहे?"

"माहीत नाही!"

"म्हणजे तुला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "आणि हरकत घेतलीस तर आम्हाला कुठं नेतील ते मला पक्कं माहीत आहे. शेजारच्या खोऱ्यातली माणसं नेली होती ना तराईत? पहिल्याच उन्हाळ्यात म्हातारी माणसं गेली त्यांची. आबा तिकडे जगतील असं वाटतं तुला?"

खड्डा दोघांनी मिळून बुजवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुण्याला फोन लावला. घैसासबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माती पोयटाच आहे ना?"

"हो मॅडम, पण..."

"हिमोढच आहे?"

"हो."

"मग वर्ग चुकला कुठे? अरे, मातीचं वर्गीकरण जगभर वरच्या मीटर-दोन मीटरचं होतं. आपण मातीचा वर्ग देतो, मातीखालच्या जगाचा नाही. तू माझ्याकडेच शिकलास हे."

"पण आपण खडक म्हटलंय तिथे. खडक नाहीये."

"निनाद, अशा किती वस्त्या आहेत माहीत आहे तुला? काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत? एका ठिकाणी खडक खोटा ठरला की सगळीकडचे वर्ग संशयात येतात. लोक उद्यापासून पुन्हा तलाठ्याच्या दारात बसतील. तुला तेच हवंय का? खोल वेध घ्यायचं यंत्र तयार होतंय. पुढचा हंगाम होऊ दे. तोवर पाणी कमी करा म्हणावं." त्यांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. नाकानं कांदे सोलणाऱ्या माणसाशी मोठी माणसं बोलतात तसं त्या बोलल्या होत्या.

पाणी कमी करा म्हणणं सोपं होतं. निनाद सासऱ्यांकडे गेला. बर्फ वगैरे काही न सांगता त्यानं पाट बंद करायला सांगितला. छेवांग पाटाच्या कडेला बसून मुलाचं तोंड धुवावं तसा एक दगड धूत होते. भिंतीत बसवायचा असावा.

"का बेटा?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"माती बिघडेल."

"तुझं यंत्र तर म्हणालं, उत्तम माती."

"यंत्राला सगळं कळत नाही."

म्हातारा हसला. "तेव्हा सगळं कळत होतं. आम्ही त्याला खतक बांधला, तेव्हा तू बोलला नाहीस." मग हसू थांबवून म्हणाले, "यांगचेननं सांगितलं मला बर्फाचं. तू खोटं बोलायची गरज नाही. ऐक, पाणी बंद केलं तर पुढच्या वर्षीचा बटाटा जाईल. बटाटा गेला तर पोरं खाली शहरात जातील. मग वर कोण राहणार, आम्ही म्हातारे आणि ते बर्फ? कोसळलं तर कोसळलं. आपल्या डोंगराखाली मरू. तिथं तराईत माशा मारत नाही मरायचं मला."

"तुम्ही म्हातारे आहात म्हणून बोलताय हे. लहान मुलं आहेत गावात."

"ती आमची मुलं आहेत," छेवांग म्हणाले. त्या वाक्यात 'आमची' हा शब्द जरा जोरात पडला आणि जावई उठून निघून आला.

निनादला माणसं वाचवायची होती. यात शंका नको, तो झोपेत घामानं भिजायचा. पण आणखीही एक गोष्ट होती आणि ती लपवून कुणाचं भलं होणार नाही. आपण दिलेला वर्ग चुकीचा आहे, खडक लिहिलंय तिथं बर्फ आहे, आणि हे जगाच्या नजरेत तसंच राहणार, ही कल्पना त्याला सोसत नव्हती. दोन्हींतली कुठली गोष्ट किती होती ते त्यालाही सांगता आलं नसतं. गावात सुगीचा सण होता. यांगचेन सगळ्यांसोबत गात होती, तिनं त्याला खिडकीतून हाक मारली, आणि त्यानं "आलो" म्हणत वेधणीच्या पडद्यावरचं हरकतीचं बटण दाबलं.

गाव पंधरवड्यात रिकामं झालं.

त्या पंधरवड्यात यांगचेन त्याच्याशी बोलली ती एकदाच. घरातलं सामान बांधता बांधता ती म्हणाली, "मला सांगून दाबलं असतंस तर मी तुझा हात मोडला असता. म्हणून नाही सांगितलंस ना?"

"हो," निनाद म्हणाला.

"निदान हे तरी खरं बोललास."

ती त्याला सोडून का गेली नाही, असं तुम्ही विचाराल. छेवांगनी तिला सांगितलं की आता आपलं गाव नाही, आपल्यातलं माणूसही कमी करू नको. म्हणून ती राहिली. तराईतल्या वसाहतीत दोघांना एक घर मिळालं आणि त्या घरात दोन माणसं राहत होती, इतकंच.

वसाहतीची जमीनसुद्धा वेधणीनंच निवडली होती, शेतीस नव्हे, नुसती वस्तीस योग्य म्हणून. तिथली माती चोपण होती. चोपण म्हणजे खारावलेली, वर पांढरी पापुद्र्याची, भिजली की लगदा आणि वाळली की फरशी. दारतोकच्या लोकांना बटाट्यापलीकडे काही येत नव्हतं आणि बटाट्याला तिथं जागा नव्हती. माणसं दिवसभर सिमेंटच्या घरांत पंख्याखाली पडून राहू लागली. पहिल्या उन्हाळ्यात तीन म्हातारी माणसं गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात छेवांग. शेवटच्या दिवसांत त्यांना भ्रम झाला होता. ते सारखं अंगावरचं पांघरूण काढायला सांगायचे, आणि अंगावर काहीच नसायचं. निनाद ओल्या फडक्यानं त्यांचे पाय पुसायचा. एकदा त्यांनी डोळे उघडून जावयाला ओळखलं आणि विचारलं, "पडलं का रे ते?"

"नाही, आबा," निनाद म्हणाला.

छेवांगनी पाय ओढून घेतले.

कारण सेरथांग पडलं नव्हतंच. पाट बंद झाला होता, चुली विझल्या होत्या, बर्फाला पुन्हा मातीचं पांघरूण मिळालं होतं. निनादला हे कळत होतं. माणसं उठवली म्हणून ते थांबलं, हे तो दोन-चार वेळा लोकांना समजावूही गेला. वसाहतीच्या पाराशी बसलेल्या एका बाईनं ते पूर्ण ऐकून घेतलं आणि त्याच्या पायाशी थुंकली.

मग पुढच्या वर्षी सरकारला सवड मिळाली आणि सेरथांगचा पुन्हा वेध घेतला गेला. निनादच्या जागी दुसरा वेधक होता, वेधणी तीच. आणि या खेपेला दांडी मुठीपर्यंत आत गेली, कुठेच अडली नाही. त्याचं कारण साधं होतं. तीन उन्हाळ्यांच्या पाण्यानं बर्फाचा माथा वितळला होता, त्यात अडकलेली माती वर साठून थर दोन-तीन हात जाड झाला होता, आता टोक बर्फापर्यंत पोचतच नव्हतं. यंत्राच्या हिशेबी जमीन सुधारली होती. पडद्यावर आलं, खोल पोयटा, अडथळा नाही, शेतीस व वस्तीस अत्युत्तम. पूर्वीची हरकत निराधार ठरली आणि निनादची वेधकाची सनद रद्द झाली. घैसासबाईंनी त्याला एक ओळ लिहिली, वाईट वाटलं म्हणून. खरंच वाटलं असेल.

दारतोकच्या लोकांना मात्र सेरथांग परत मिळालं नाही. त्यांचं पुनर्वसन झालेलं होतं, आणि एका गावाचं दोनदा पुनर्वसन होत नाही. ते पठार वरच्या यारमो गावाला दिलं, कारण यारमोच्या डोक्यावरही आता तळं होतं. यारमोचे लोक दारतोकनं बांधलेल्या घरांत राहायला गेले. दारतोकच्या पाटाला पाणी सोडलं. यांगचेनची सख्खी मावशी यारमोत दिलेली होती, ती यांगचेनच्याच घरात राहू लागली. तिथून ती व्हिडिओ कॉल करायची, आणि अख्खी वसाहत यांगचेनच्या दारात जमून बघायची. वेलीसारखे वाढलेले बटाटे, अंगणातलं विलोचं झाड, खिडकीच्या चौकटीवरचा तोच निळा रंग. बघून झालं की लोक उठताना निनादकडे बघायचे. नुसतं बघायचे आणि आपापल्या पंख्याखाली निघून जायचे.

"तुझं बर्फ कुठंय रे?" एक दिवस यांगचेननं विचारलं. वर्षभरात तिनं स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

"आहे. खाली आहे. खोल गेलंय."

"मी आबांना सांगितलं होतं, तू हुशार आहेस म्हणून."

सुरुवातीला निनादनं यारमोच्या लोकांना फोन केले. मावशी हसून म्हणाली, आमच्यात सगळेच बर्फावर झोपतात, तू काळजी करू नको. त्यानं सरकारला कळवलं, पण सनद गेलेल्या माणसाचं कोण ऐकतं. मग हळूहळू त्यानं फोन करणं सोडलं. उपग्रहाचं चित्र बघणं मात्र सोडलं नाही. सकाळी दात घासायच्या आधी तो सेरथांग उघडायचा. पठाराच्या पुढच्या काठाला एक भेग दिसायला लागली होती, केसाएवढी. ती वाढली की त्याला दिवस बरा जायचा. नाही वाढली की जेवण जायचं नाही. आपण कशाची वाट बघतोय, हे त्याला न कळण्याइतका तो मूर्ख नव्हता. पण यांगचेनच्या त्या प्रश्नाला द्यायला त्याच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं, आणि ते उत्तर तिला द्यायला मिळावं यापलीकडे त्याला आता जगात काही नको होतं.

भादव्यात, दुपारी, ते पडलं.

निनाद वसाहतीच्या दुकानात मीठ आणायला गेला होता. फोनवर बातमी आली आणि तिच्यासोबत ड्रोननं काढलेलं चित्र. त्यानं ते दुकानाच्या पायरीवर बसून दोन बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं. पठार मधोमध कापलं गेलं होतं, आणि त्या कापलेल्या भिंतीत मातीच्या खाली तो काळा, चकाकणारा पट्टा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. निनादच्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ तिथंच राहिलं. तो घरापर्यंत पळत गेला. गेल्या कित्येक वर्षांत त्याला कुणी पळताना बघितलं नव्हतं, त्यामुळे लोक दारात आले.

यांगचेन अंगणात कपडे वाळत घालत होती.

"पडलं!" तो ओरडला. "यांगचेन, पडलं! सेरथांग पडलं!" त्याला धाप लागली होती, शब्द एकमेकांवर आदळत होते. त्यानं फोन तिच्यासमोर धरला. "हे बघ, हे. हा काळा पट्टा दिसतो ना? बर्फ आहे. जाडी बघ त्याची, दुमजली घराएवढी असेल. मी म्हणत होतो की नव्हतो? खडक नाही म्हणत होतो ना मी? आता सांगू दे त्या घैसासबाईंना, मातीखालचं आपण बघत नाही म्हणून! आपली सगळी माणसं गेली असती गं. सगळी. मी वाचवली ती. आता तरी बोल माझ्याशी."

यांगचेननं ओले हात परकराला पुसले आणि फोन घेतला. चित्रात बर्फच बर्फ होतं, कडेपर्यंत. ती ते चित्र बघत राहिली. निनाद तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा. तिचे ओठ हलले.

"मावशी?" ती म्हणाली.

"काय?"

"मावशी कुठंय, निनाद?"

दारात उभ्या असलेल्या लोकांपैकी कुणीतरी आत आलं, मग आणखी कुणी.

यांगचेननं दोन बोटं पडद्यावर ठेवली आणि चित्र लहान केलं. मग एका बोटानं ते हळूहळू वर सरकवत गेली, म्हणजे दरीकडचा खालचा भाग दिसेल. निनादनं तो भाग अजून बघितला नव्हता.